मंगळवार-बुधवारचे फुटबॉल: राखीव आणि युवा संघांविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणारे मराठी पालक आणि इथे रात्री जागून प्रीमियर लीग बघणारे वाचक, दोघांकडूनही या विषयावर पत्रे येत असतात. या अंकात आम्ही फक्त तीच घेतली आहेत. पहिल्या संघाच्या बातम्या सगळीकडे मिळतात. मधल्या वारी, अर्ध्या रिकाम्या मैदानावर खेळल्या जाणाऱ्या सामन्यांविषयी कुणी नीट सांगत नाही.

राखीव संघाचे सामने शनिवारी का नसतात? मंगळवार-बुधवार हे दिवस कुणी ठरवले? (वाचक, पुणे)

पूर्वी ते शनिवारीच असत. उत्तर इंग्लंड आणि मिडलँड्समधल्या क्लबांच्या राखीव संघांसाठी सेंट्रल लीग १९११ मध्ये सुरू झाली. दक्षिणेकडची लंडन कॉम्बिनेशन १९१५ ची. १९३९ पासून ती फुटबॉल कॉम्बिनेशन झाली. त्या काळची रीत सोपी होती. पहिला संघ बाहेरगावी गेला की त्याच दिवशी राखीव संघ घरच्या मैदानावर खेळायचा. मैदान रिकामे राहत नसे आणि गावातल्या प्रेक्षकालाही दर शनिवारी काहीतरी बघायला मिळे.

ही घडी मोडण्याचे मोठे कारण बदली खेळाडू. इंग्लिश लीगमध्ये १९६५-६६ पर्यंत बदली खेळाडूच नव्हता. त्या हंगामात एकाची परवानगी मिळाली, तीही फक्त दुखापत झाल्यास. आज प्रीमियर लीगमध्ये ९ जण बाकावर बसतात आणि त्यातले ५ मैदानात उतरू शकतात. म्हणजे शनिवारी २० खेळाडू पहिल्या संघाबरोबर अडकतात. त्यातल्या चार-पाच जणांना खेळायला मिळतच नाही आणि काहींच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटे येतात. त्यांचे पाय चालते ठेवायचे तर सामना शनिवारनंतर दोन-तीन दिवसांनी हवा. शिवाय प्रशिक्षकाला दोन्ही संघ स्वतः बघता येतात.

दुसरे कारण गवत. इंग्लंडमध्ये मैदानांचे नियोजन करताना धरला जाणारा हिशेब असा: चांगल्या स्थितीतले गवताचे मैदान आठवड्याला प्रौढांचे ३ सामने सोसते, मध्यम २ आणि खराब फक्त १. छोट्या क्लबचे मैदान बहुधा मध्यम वर्गातले. पहिल्या संघाचा एक सामना धरला की उरतो एक. तो युवा संघाला द्यायचा की राखीव संघाला, यावरून क्लबच्या बैठकीत खरे वाद होतात. म्हणूनच बरेच क्लब मधल्या वारचे सामने कृत्रिम गवतावर नेतात.

वेळेचा फरकही लक्षात घ्या. व्यावसायिक क्लबांच्या राखीव संघांचे बरेच सामने दुपारी १ किंवा २ वाजता असतात, कारण खेळाडू पूर्णवेळ क्लबचे असतात. अर्धव्यावसायिक क्लबांत कुणी नोकरी करतो, कुणी कॉलेजात असतो. त्यांचा सामना संध्याकाळी साडेसात-पावणेआठला, फ्लडलाइटखाली. डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो, तेव्हा दुसरा मार्गही नाही.

प्रीमियर लीग २ ही मोठ्या क्लबांच्या दुसऱ्या संघांची लीग २१ वर्षांखालील स्पर्धा म्हणवते. मग त्यात २८-३० वर्षांचे खेळाडू कसे दिसतात? (वाचक, ठाणे)

नियमातच मुभा आहे. २०१६ मध्ये प्रीमियर लीग २ हे नाव आले तेव्हा मर्यादा २३ वर्षांखालची होती आणि वयाने मोठे असे ३ मैदानी खेळाडू व १ गोलरक्षक चालत. २०२२-२३ पासून मर्यादा पुन्हा २१ वर आणली आणि मोठ्या मैदानी खेळाडूंची संख्या ५ केली; गोलरक्षक एकच राहिला. २०२३-२४ पासून सामन्यांची रचनाही बदलली. दोन विभाग जाऊन २६ संघांचा एकच तक्ता झाला, प्रत्येकाला २० सामने मिळाले आणि वरचे १६ संघ बाद फेरीत गेले. त्या वर्षी टॉटनहॅमने अंतिम सामन्यात संडरलंडला हरवले.

ही मोठी माणसे बहुतेक वेळा दुखापतीतून परतणारी असतात. परतीचा कार्यक्रम सहसा टप्प्यांचा: पहिल्या सामन्यात ४५ मिनिटे, पुढच्यात ६० ते ६५, मग ७५ ते ९०. तुम्ही सामन्याचा तपशील बघताना मध्यंतरालाच अनुभवी बचावपटू बाहेर गेलेला दिसला तर ‘खराब खेळला म्हणून काढला’ असा अर्थ लावू नका. तो ठरलेली मिनिटे पूर्ण करून गेला. त्याच्या जागी आलेल्या १८ वर्षांच्या मुलाला मात्र दुसऱ्या अर्धात नव्या जोडीदाराबरोबर खेळावे लागते. राखीव सामन्यांत उत्तरार्धात गोल धडाधड होतात, त्यामागे हेही एक कारण असते.

त्यामुळे या स्पर्धेत निकालाआधी संघाची यादी वाचावी. कोण कुठल्या जागी किती मिनिटे खेळला, ही खरी बातमी. आमचे ठाम मत आहे की राखीव संघाचा गुणतक्ता हे क्लबच्या कामाचा सगळ्यात कच्चे मोजमाप आहे.

मुलगा १५ वर्षांचा आहे, वाढदिवस ऑगस्टच्या शेवटी. स्थानिक क्लबच्या १८ वर्षांखालील संघात आहे. प्रशिक्षक म्हणतात, ‘लवकरच राखीव संघातही घेऊ.’ हे नियमात बसते का? (पालक, मिल्टन कीन्स)

दोन वेगळे नियम आहेत, ते एकत्र करू नका.

युवा संघासाठी ३१ ऑगस्टची मध्यरात्र ही रेषा. एफए, म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, हिच्या युथ कपमध्ये, आणि त्याच धर्तीवर बहुतेक युवा लीगमध्ये, हंगामाआधीच्या ३१ ऑगस्टला खेळाडू १५ वर्षे पूर्ण झालेला आणि १८ च्या आतला असावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामाचे उदाहरण घ्या: १ सप्टेंबर २००७ ला किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा चालेल, ३१ ऑगस्ट २००७ चा चालणार नाही.

राखीव संघ प्रौढांच्या लीगमध्ये खेळत असेल तर १६ वा वाढदिवस उलटल्याशिवाय मुलाला उतरवता येत नाही. वाढदिवस बुधवारी आणि सामना मंगळवारी असला तरी नाही. एथन न्वानेरी आर्सेनलकडून १५ वर्षे १८१ दिवसांचा असताना प्रीमियर लीगमध्ये खेळला हे खरे (सप्टेंबर २०२२, ब्रेंटफर्डविरुद्ध), पण मान्यताप्राप्त अकादमी (खेळाडू घडवणारी युवा शाखा) असलेल्या व्यावसायिक क्लबांची चौकट वेगळी आहे. तुमच्या क्लबला ती लागू नाही.

ऑगस्टमधल्या जन्माबद्दल एक काळजीची गोष्ट. तुमचा मुलगा त्याच्या वर्षातल्या जवळजवळ सगळ्यांपेक्षा लहान. सप्टेंबरात जन्मलेला सवंगडी त्याच्याहून अकरा-बारा महिन्यांनी मोठा असतो आणि या वयात तेवढ्याने उंची-वजनात बराच फरक पडतो. अकादम्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची संख्या जास्त असते, ती यामुळेच. म्हणून राखीव संघाची घाई करण्याआधी युवा संघात तो प्रत्येक सामन्यात किती मिनिटे खेळतो ते बघा. तिथे नियमित ७०-८० मिनिटे मिळत असतील तर वर जाण्यात अर्थ आहे. प्रौढांच्या बाकावर बसून १० मिनिटे मिळवण्यापेक्षा आपल्या वयात पूर्ण सामना खेळणे त्याच्या फायद्याचे.

तो प्रौढांत खेळू लागला की कपडे बदलण्याची खोलीही बघून ठेवा. १८ खालच्या मुलांना मोठ्यांबरोबर एकाच वेळी आंघोळ करावी लागू नये ही व्यवस्था क्लबने करायची असते. वेगळी वेळ द्या, नाहीतर मुलगा घरी येऊन आंघोळ करेल, एवढे साधे बोलणे पुरते. ते मागायला संकोच नको.

क्लबने मला युवा संघाचा सचिव केले आहे. सगळे घरचे सामने बुधवारी रात्री ७.४५ ला. कामाची यादी आणि कुठे चुका होतात ते सांगाल का? (वाचक, रीडिंग)

सुरुवात कॅलेंडरपासून करा. पहिला संघसुद्धा मंगळवारी-बुधवारी खेळतो: चषकाचे फेरसामने, पावसाने पुढे गेलेले लीगचे सामने. मैदानासाठी तुमचा क्रम शेवटचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन-तीन सामने गेले की एप्रिलमध्ये दहा दिवसांत चार सामने अंगावर येतात, नेमके परीक्षांच्या तोंडावर. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळेल तितके घरचे सामने उरकून घ्या आणि कृत्रिम मैदानाच्या दोन-तीन बुधवारच्या रात्री हंगामाच्या सुरुवातीलाच राखून ठेवा. जानेवारीत फोन केला तर मिळत नाहीत.

सामन्याच्या पाच दिवस आधी पाहुण्या संघाला आणि पंचांना लेखी कळवा: मैदान गवताचे की कृत्रिम, पोस्टकोड, सुरुवातीची वेळ, जर्सी, पायमोजे आणि गोलरक्षकाचा रंग. रंगांचा घोळ बहुतेक वेळा पायमोज्यांत होतो. जर्सीचे सगळे बघतात, मोजे विसरतात. कृत्रिम मैदानावर धातूचे स्टड बहुतेक ठिकाणी बंद असतात, तेही त्याच पत्रात लिहा. नाहीतर सात वाजता तीन मुले बुटांशिवाय उभी राहतील.

त्याच दिवशी खेळाडूंची नोंदणी आणि निलंबन एफएच्या ऑनलाइन प्रणालीत एकेक नाव उघडून तपासा. मधल्या वारच्या संघात सर्वांत जास्त गुण इथे जातात. शनिवारी कुणी जखमी झाले, रविवारी नवा मुलगा आणला, बुधवारी उतरवला आणि नोंदणी गुरुवारी मंजूर झाली. सामना जिंकूनही गुण गेले आणि वर दंड. राखीव संघासाठी याहून वेगळा एक सापळा असतो: बऱ्याच लीगमध्ये पहिल्या संघातून किती नियमित खेळाडू खाली उतरवता येतील यावर मर्यादा असते, विशेषतः चषकात आणि हंगामाच्या अखेरीला. ही संख्या लीगप्रमाणे बदलते, म्हणून तुमच्या लीगच्या पुस्तिकेतले ते पान फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

आता थंडी. दुपारी बारा वाजता मैदान मऊ लागले म्हणून ‘खेळण्यायोग्य’ ठरवणे ही नेहमीची फसगत. उन्हाने वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर वितळतो, खालचा गोठलेलाच असतो, त्यामुळे पाणी मुरत नाही. सूर्य मावळला आणि आकाश निरभ्र असले की तोच ओला थर पुन्हा गोठतो. सामना रात्रीचा असेल तर पाहणी दुपारी तीनच्या सुमारास करा, रात्री आठचे तापमान बघूनच निर्णय घ्या आणि मुख्य स्टँडच्या सावलीतली जागा तपासा, कारण मैदान सगळ्यात आधी तिथे गोठते. बुटाची टाच दाबून रुतत नसेल तर सामना होणार नाही. फ्रॉस्ट कव्हर (मैदान गोठू नये म्हणून घालायचे आच्छादन) असेल तर ते सूर्यास्ताआधी घालायचे. गोठल्यावर घातलेले कव्हर थंडी आत कोंडून ठेवते. पाहुणा संघ बसमध्ये बसण्याआधी कळवणे हे तुमचे कर्तव्य समजा. शाळेतून धावत आलेली मुले अर्ध्या वाटेवरून परत पाठवणे फार वाईट.

फ्लडलाइट सोमवारी एकदा लावून बघा. जुने मेटल हॅलाइड दिवे असतील तर सगळे खांब एकदम चालू करू नका. सुरुवातीचा विजेचा ओढा मोठा असतो आणि ब्रेकर पडतो. एकेक खांब, मध्ये थोडा वेळ सोडून. सामन्यात वीज गेली तर हे दिवे गरम असताना पेटत नाहीत, १० ते १५ मिनिटे थंड व्हावे लागतात. पंचांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते घाईने सामना रद्द करणार नाहीत. एलईडी असतील तर ही अडचण नाही. दिवे रात्री किती वाजेपर्यंत चालतील यावरही बऱ्याच मैदानांना स्थानिक परवान्याची अट असते. ७.४५ ला सुरू झालेला सामना मध्यंतर आणि वाया गेलेला वेळ धरून साधारण ९.४० ला संपतो. परवाना दहापर्यंतचा असेल तर चषकाचा सामना, जिथे पेनल्टी शूटआऊटची शक्यता असते, साडेसातला किंवा त्याआधी ठेवा.

सामन्याच्या दिवशी: संघांच्या याद्या पंचांकडे वेळेत, प्रथमोपचार शिकलेला माणूस हजर, मैदानाचे फाटक रुग्णवाहिकेसाठी उघडे. निकाल त्याच रात्री कळवा. आणि एक कागद स्वतःसाठी: प्रत्येक खेळाडूची मिनिटे. लीगला तो लागत नाही, पण फेब्रुवारीत कुणाला विश्रांती द्यायची आणि कोण महिनाभर बसून आहे, हे त्याशिवाय कळत नाही.

बाहेरच्या सामन्यांना क्लबची मिनीबस चालवाल का असे विचारतात. माझ्याकडे भारतीय परवाना आहे. (वाचक, स्लाव)

नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून भारतीय परवान्यावर १२ महिने फक्त लहान वाहन, म्हणजे साधी मोटार किंवा दुचाकी चालवता येते. त्यानंतर तिथला परवाना काढावाच लागतो. मिनीबस चालक सोडून ९ ते १६ आसनांची असते. ब्रिटिश मोटारीचा परवाना मिळून किमान २ वर्षे झाली असतील, वय २१ पूर्ण असेल, मोबदला घेत नसाल आणि गाडीचे कमाल वजन ३.५ टनांच्या आत असेल तर स्वयंसेवक म्हणून ती चालवता येते. विम्यात तुमचे नाव आहे का ते क्लबला लेखी विचारा.

मुलगी १६ वर्षांची, वजन साधारण ५५ किलो. शाळा ३.३० ला सुटते, सामना ७.३० ला, घरी यायला १०.३०. तिला काय आणि कधी खायला द्यायचे? (पालक, लेस्टर)

चार वाजताचे खाणे हेच तिचे खरे जेवण. सामन्याआधी १ ते ४ तासांत दर किलो वजनामागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदके हा सर्वमान्य हिशेब. जितके आधी तितके जास्त. साडेतीन तास आधी जेवत असेल तर ५५ किलोला १५० ग्रॅमच्या आसपास पोचायला हरकत नाही. दोन मोठ्या वाट्या भात, वरण, एखादी साधी भाजी आणि केळे घेतले की बरेचसे काम होते. त्या दिवशी तळलेले, राजमा-छोले आणि मोड आलेली उसळ टाळा. तूप चमचाभर पुरे. सहाच्या सुमारास मध लावलेला ब्रेड किंवा अजून एक केळे. पोहे चालतात, पण शेंगदाणे थोडेच घाला. चरबीमुळे पोट जड राहते.

सामना संपल्यावर गाडीतच अर्धा लिटर दूध द्या. त्यात साधारण १७ ग्रॅम प्रथिने असतात आणि तिच्या वजनाला एका वेळी तेवढी पुरेशी आहेत. घरी आल्यावर भूक असेल तर दहीभात. दुसऱ्या दिवशी सकाळी धावण्याचा सराव नको. पूर्ण सामन्यानंतर पाय सावरायला ४८ ते ७२ तास लागतात. बुधवारी ९० मिनिटे खेळून शनिवारी शाळेसाठी आणि रविवारी आणखी एका संघासाठी खेळत असेल, तर त्यातला एक सामना सोडायला लावा.

युवा सामन्यात डोक्याला मार लागलेला खेळाडू दहा मिनिटांनी ‘बरे वाटते’ म्हणतो. आमच्या लीगमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो. येऊ द्यावे का? (प्रशिक्षक, वॉटफर्ड)

मुळीच नाही. परत येण्याची मुभा विश्रांतीसाठी आणि मिनिटे वाटून देण्यासाठी आहे, डोक्याच्या दुखापतीसाठी नाही. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका असली तरी त्या दिवसाचा खेळ संपला. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिले २४ ते ४८ तास हलकी विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने वाढ आणि स्पर्धात्मक सामना २१ व्या दिवसाआधी नाही. तोही आधीचे १४ दिवस काहीच त्रास नसेल तर. मधल्या वारच्या लीगमध्ये धोका असा की मुलगा बुधवारी तुमच्याकडे पडतो आणि रविवारी दुसऱ्या क्लबकडून खेळतो. त्या प्रशिक्षकाला पत्ताच नसतो. म्हणून त्याच रात्री पालकांना आणि त्याच्या दुसऱ्या संघाला, शाळेला लेखी कळवा.

स्पेनप्रमाणे इंग्लंडमध्ये क्लबचा ‘ब’ संघ खालच्या लीगमध्ये का खेळत नाही? आणि भारतात असे काही आहे का? (वाचक, कोल्हापूर)

स्पेनमध्ये ‘ब’ संघ, म्हणजे क्लबचा दुसरा संघ, मुख्य लीगच्या उतरंडीत असतो, फक्त पहिल्या संघाच्या विभागात त्याला जाता येत नाही आणि कोपा देल रे या राष्ट्रीय चषकात खेळता येत नाही. जर्मनीत दुसरे संघ तिसऱ्या विभागापर्यंत चढू शकतात. नेदरलँड्समध्ये योंग आयाक्स हा आयाक्सचा दुसरा संघ २०१३ पासून दुसऱ्या विभागात आहे. तिथे २० वर्षांच्या मुलाला पोटापाण्यासाठी खेळणाऱ्या प्रौढांविरुद्ध, गुणांसाठी, ९० मिनिटे खेळायला मिळते.

इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये एफएचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांच्या आयोगाने ‘ब’ संघांना जागा देणारा नवा विभाग सुचवला. खालच्या विभागांतल्या क्लबांनी आणि त्यांच्या चाहत्यांनी तो हाणून पाडला. त्यांची बाजू आम्हाला पटते: शंभर-सव्वाशे वर्षांचा गावचा क्लब मोठ्या क्लबच्या राखीव मुलांसाठी सरावाचे साधन का व्हावा? तडजोड म्हणून २०१६-१७ पासून ईएफएल ट्रॉफी या खालच्या विभागांतल्या क्लबांच्या चषकात १६ अकादमी संघ बोलावले जातात. तिथे गटातला सामना बरोबरीत सुटला तर पेनल्टी होतात. जिंकणाऱ्याला २ गुण, हरणाऱ्याला १. बहुतेक सामने मंगळवारी रात्री असतात.

आपल्याकडे रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग २०२२ मध्ये गोव्यात सुरू झाली. पहिल्या वर्षी ८ संघ होते, बंगळुरू एफसी जिंकला, आणि त्या वर्षी जुलैत बंगळुरू व केरळ ब्लास्टर्सचे युवा संघ ब्रिटनमध्ये नेक्स्ट जेन कप या युवा संघांच्या स्पर्धेसाठी गेले. पुढे ती विभागवार झाली. पण ठरावीक महिन्यांत उरकणारी स्पर्धा आणि ऑगस्ट ते मे दर आठवड्याला येणारा सामना यांत खेळाडूच्या मिनिटांचा फरक फार मोठा आहे. कोल्हापुरात तालमींच्या संघांना शाहू स्टेडियमवर जो प्रेक्षक मिळतो तो इंग्लंडच्या कित्येक राखीव संघांना स्वप्नातही मिळत नाही. तिथे १८ खालच्या संघांची वर्षभर चालणारी साखळी जोडली तर मुलांना ती मिनिटे घराजवळच मिळतील.

मुलगा नेहमी शेवटची १५ मिनिटे खेळतो. क्लब बदलावा का? (पालक, हॅरो)

आधी पाच सामन्यांची मिनिटे आणि प्रत्येक वेळी त्याला दिलेली जागा लिहून काढा. पाचही वेळा एकाच जागी १५ मिनिटे असतील तर त्या जागेसाठी त्याच्यापुढे दोघे आहेत. प्रशिक्षकांना दुसऱ्या जागेबद्दल विचारा. दर वेळी जागा वेगळी असेल तर तो भोके बुजवायला वापरला जातोय, आणि ते थांबवायला सांगणे रास्त आहे. तुमच्या लीगमध्ये बदली खेळाडू परत आत येऊ शकत असेल तर त्याला पूर्वार्धात २० आणि उत्तरार्धात २० मिनिटे द्या अशी ठोस मागणी करता येते. हे बोलणे सामन्यानंतर रात्री दहा वाजता पार्किंगमध्ये करू नका. पुढच्या सरावाच्या अर्धा तास आधी वेळ मागून घ्या आणि मुलाला बरोबर न्या. प्रश्न त्यानेच विचारावा.